चार वर्षे आणि चार वाटा

इस्लामी कायदा म्हणजे एकच एक जाडजूड ग्रंथ, असे आपल्याकडचे पुष्कळ सुशिक्षितही धरून चालतात. प्रत्यक्षात सुन्नी पंथात हनफी, मालिकी, शाफई आणि हंबली असे चार मजहब, म्हणजे न्यायपरंपरा, हजार वर्षांहून अधिक काळ शेजारीशेजारी नांदत आहेत. उत्तर हिंदुस्थान मुख्यतः हनफी. आपल्या कोकणातले मुसलमान मात्र शाफई, अरबी गलबतांशी असलेल्या जुन्या नात्यामुळे. (कोळंबी मासा की नव्हे, यावर हनफी पंडितांनी खल केला, शाफईंच्या ताटात ती बिनदिक्कत येते.)

प्रश्न ताटाचा नसून संसाराचा असेल तर? नवरा परागंदा झालेल्या स्त्रीने, रूढ हनफी मतानुसार, त्याचे समवयस्क निवर्तेपर्यंत थांबायचे. काहींनी तर त्याच्या वयाची नव्वद वर्षे भरण्याची अट घातली. मालिकी परंपरेत काझीकडे दाद मागितल्यावर चार वर्षे. तेव्हा पंजाबातल्या काही स्त्रिया निराळ्याच वाटेने गेल्या. धर्मत्यागाने विवाह तुटतो, या हनफी नियमाचाच आधार घेऊन त्या इस्लाम सोडू लागल्या. १९३०मध्ये ग्रंथरूपाने आलेल्या व्याख्यानांत कवी इक्बाल यांनी याकडे बोट दाखवले.

परंपरेशी बांधील राहण्यात, म्हणजे तक्लीदमध्ये, मौलाना अशरफ अली थानवी कोणाला हार जाणारे नव्हते. चारही दुकानांतून सोयीचा तेवढा माल उचलण्याला त्यांचा सक्त विरोध. तरीही त्यांनी मदिनेच्या मालिकी मुफ्तींची मते मागवली आणि 'अल्-हीलतुन् नाजिझा' या पुस्तकात, निकड म्हणून, मालिकी नियम हनफींनी घ्यावा असे सुचवले. जुन्या हनफी ग्रंथांतही निकडीला अशी मोकळीक होतीच. सर्क्युलरांत हयात घालवलेल्या माझ्यासारख्याला याचे मोल कळते: नियमाला धरून राहणाऱ्यानेच नियमातली फट शोधली. पण स्त्रिया उंबरठा ओलांडून गेल्याखेरीज ती कोणाला दिसली नाही, हेही नोंदवले पाहिजे.

मुहम्मद अहमद काझमी यांनी केंद्रीय विधिमंडळात मांडलेले विधेयक १९३९मध्ये कायदा झाले. नवऱ्याचा चार वर्षे ठावठिकाणा नसेल तर घटस्फोट. हुकूमनामा सहा महिन्यांनी अमलात, तोवर तो परतला व नांदवायला तयार असल्याची कोर्टाची खात्री पटली तर रद्द. असे दावे मुसलमान न्यायाधीशापुढेच चालावेत ही उलेमांची अट मात्र गळली, आणि ते नाराज झाले. चौथ्या कलमाने, मुस्लिम म्हणून जन्मलेल्या स्त्रीच्या धर्मत्यागाने विवाह आपोआप मोडण्याची जुनी वाट बंद केली.