नातवाच्या शिकवणीत

परीक्षेच्या दिवसांत नातवाचा मोबाइल आम्ही काढून घेतला आणि घरात पंधरा दिवस अबोला झाला. "आजोबा, आधी तुम्ही खेळून पाहा, मग रागवा," ही त्याची तहाची अट. आम्ही ती मान्य केली.

पहिला खेळ 'टेट्रिस'. १९८४ साली मॉस्कोत अलेक्सेई पाजित्नोव यांनी तो रचला. चार-चार चौकोनांच्या सात आकृत्या वरून उतरतात. त्या फिरवून ओळ भरली की ती नाहीशी होते. फडताळात डबे बसविण्याचीच ही विद्या! सौभाग्यवतींनी पहिल्याच डावात आम्हांस मागे टाकले.

दुसरा 'राजी', पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेने केलेला, २०२० सालचा. असुरांनी पळविलेल्या धाकट्या भावाच्या शोधात निघालेल्या मुलीची ही कथा. लढाया आम्हांस अंमळ जास्तच वाटल्या. मात्र भिंतींवरील पौराणिक चित्रांपाशी आम्ही रेंगाळलो. एरवी घरातही हिंदीत बोलणारा नातू तेथे थांबून मराठीत विचारू लागला, "हे कोण? पुढे काय झाले?" त्या रात्री खेळ तसाच राहिला.

मोबाइल परत दिला आहे. जेवताना मात्र तो हाती घ्यावयाचा नाही, ही अट आमची.