संधिवातासाठी ओपीडीचा एक वार हवा

भिगवण बहुतेकांना ठाऊक आहे ते उजनीच्या पाण्यावर येणाऱ्या रोहित पक्ष्यांमुळे आणि मासळीमुळे. संधिवाताच्या अभ्यासात या गावाचे नाव वेगळ्या कारणाने घेतले जाते. १९९६ मध्ये पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा यांच्या पथकाने जागतिक आरोग्य संघटनेच्या 'कॉपकॉर्ड' उपक्रमात येथे घरोघरी पाहणी केली. चार हजारांवर प्रौढांपैकी सुमारे १८ टक्के लोकांना सांधे-स्नायूंचे दुखणे होते. त्यातले बरेचसे कष्टाचे किंवा झिजेचे. आमवात मात्र, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटण्याचा आजार, साधारण दोनशे प्रौढांत एकाला आढळला.

आकडा लहान वाटतो. पण २०११ च्या जनगणनेनुसार पुणे जिल्ह्याची लोकसंख्या ९४ लाखांवर होती. त्यात प्रौढ ६० लाख धरले, तरी या हिशेबाने ३० हजार रुग्ण होतात. पुरुषांपेक्षा बायका दुपटीहून अधिक.

सरकारी रुग्णालयात त्या आमच्यापर्यंत येतात तेव्हा अनेकींची बोटे वाकडी झालेली असतात. सकाळी तासभर मूठ वळत नाही, भाकरी थापता येत नाही, हे दोन-तीन वर्षे 'वात आहे' म्हणून सोसलेले असते. वेदनाशामक गोळीने दुखणे दबते, सांध्याची हानी थांबत नाही. मोजमापाशिवाय घेतलेल्या स्टेरॉइडने आठवडाभरात बरे वाटते. पुढे हाडे ठिसूळ होतात, साखर वाढते. (रक्तात 'आरए फॅक्टर' सापडला म्हणजे आमवात झालाच असे नाही, आणि नाही सापडला म्हणून सुटका झाली असेही नाही.)

खरे तर हानी रोखणारे मेथोट्रेक्सेट हे औषध जुने आणि स्वस्त आहे. पण ते आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. चुकून रोज घेतले तर जिवावर बेतते. रक्तपेशी आणि यकृताच्या तपासण्या ठरलेल्या वेळी कराव्या लागतात, गरोदरपणात ते चालत नाही. शिवाय दर भेटीत हातापायांचे सांधे एकेक दाबून, सुजलेले किती ते मोजून मात्रा ठरवावी लागते. खोकला-तापाच्या गर्दीत दोन मिनिटांत हे होत नाही, आणि दर वेळी डॉक्टर नवा असेल तर मागचे काहीच हाती राहत नाही.

रक्तदाब-मधुमेहासाठी राष्ट्रीय कार्यक्रम आहे, तपासणीचे दिवस ठरतात. संधिवातासाठीही प्रत्येक जिल्हा आणि उपजिल्हा रुग्णालयात आठवड्याचा एक वार का नसावा? नवी इमारत नको. प्रशिक्षण घेतलेला एक फिजिशियन, एक परिचारिका, महिनाभराची औषधे आणि पुण्यातल्या तज्ज्ञाशी फोनवरचा संपर्क एवढे पुरे. ल्युपसने मूत्रपिंड धरलेला रुग्ण तज्ज्ञाकडे यायलाच हवा. पण नुसत्या रक्ततपासणीसाठी इंदापूरच्या बाईने एक दिवसाची मजुरी बुडवून एसटी धरणे योग्य नाही.

तोवर वाचकांनी एवढे करावे: बोटांची किंवा मनगटांची सूज सहा आठवड्यांत उतरली नाही आणि सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासाहून अधिक टिकत असेल, तर दुसरे इंजेक्शन न घेता फिजिशियनकडे जावे. सूज कधी सुरू झाली ती तारीख आणि आधीच्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे सोबत न्यावीत.