वाचक हवेत? आधी पत्र लिहा



या सदराकडे येणाऱ्या पत्रांत एक प्रश्न पुन्हा पुन्हा डोकावतो. कोणी मोहल्ल्याच्या वाचनालयाचे पत्रक काढतो, कोणी शाळेचे हस्तलिखित, कोणी कवितांची छोटी पुस्तिका. मेहनत होते, पदरचे पैसे खर्च होतात आणि शेवटी अंक घरच्यांच्या आणि नातेवाइकांच्याच हातात राहतो. वाचक आणायचे कुठून, असा तो प्रश्न आहे.

आमच्या आंबिवलीत सध्या हीच अडचण आहे. नववी ते बारावीतल्या काही मुली मिळून दर तीन महिन्यांनी एक हस्तलिखित काढतात. अर्धी पाने मराठी, अर्धी उर्दू. एक मुलगी सुंदर नस्तालीक लिहिते, दुसरीचे मराठी अक्षर मोत्यासारखे आहे. तीस झेरॉक्स प्रती काढतात. त्यांपैकी अठरा-वीस प्रती खाला, फूफी आणि मामूंच्या घरी जातात आणि तिथे त्यावर चहाचे कप ठेवले जातात. मुलींनी ठरवले होते की पुढचा अंक काढायचा आणि बंद करायचे. घरातूनही सूर तोच होता: कोणी वाचत नाही, तर दहावीच्या अभ्यासातला वेळ कशाला घालवायचा?

मुली आमच्याकडे आल्या तेव्हा आम्ही त्यांना एकच विचारले. "वाचक म्हणून तुम्ही स्वतः गेल्या वर्षभरात कोणाला पत्र लिहिले?" सगळ्या गप्प. आमच्या मते उत्तर तिथेच आहे. ज्याला वाचक हवेत, त्याने आधी दुसऱ्याचा चांगला वाचक व्हावे आणि तसे त्याला लिहून कळवावे. यामागे मराठी आणि उर्दू नियतकालिकांचा मोठा अनुभव उभा आहे.

1848 साली मुंबईच्या 'प्रभाकर' या साप्ताहिकात 'लोकहितवादी' या नावाने पत्रे येऊ लागली. लिहिणारे गोपाळ हरी देशमुख तेव्हा पंचविशीत होते. त्यांनी तेव्हा स्वतःचे वर्तमानपत्र काढले नाही. भाऊ महाजनांचे 'प्रभाकर' 1841 पासून चालू होते, त्याला वाचक होता. त्या चालू बैठकीत ते जाऊन बसले आणि आपले म्हणणे मांडू लागले. दोन-अडीच वर्षांत शंभरावर पत्रे झाली. आज आपण त्यांना 'शतपत्रे' म्हणतो आणि त्यांचा अभ्यास करतो. संपादकाला लिहिलेल्या पत्रांतून एक लेखक उभा राहिला.

दुसरे उदाहरण एका विद्यार्थिनीचे आहे. मुक्ता साळवे ही जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकणारी, जेमतेम चौदा वर्षांची मुलगी. मांग-महारांच्या दुःखाविषयीचा तिचा निबंध 1855 साली 'ज्ञानोदय'मध्ये दोन भागांत छापून आला. 'ज्ञानोदय' हे 1842 साली अहमदनगरात सुरू झालेले मिशनऱ्यांचे पत्र. तिच्या समाजाचे ते पत्र नव्हते आणि त्याच्या वाचकांपैकी किती जण तिच्या वस्तीत पाय ठेवत असतील कोण जाणे. तरीही तिचे म्हणणे त्यांच्या घरात पोहोचले आणि पावणेदोनशे वर्षांनंतर आपल्यापर्यंतही आले. आपल्याच चार घरांत फिरणाऱ्या कागदावर ते राहिले असते, तर कदाचित राहिलेच नसते.

तिसरी गोष्ट उर्दूची, आणि या विषयात आम्हाला सर्वात जवळची. 1898 साली लाहोरात मुहम्मदी बेगम आणि त्यांचे पती सय्यद मुमताज अली यांनी 'तहज़ीब-ए-निस्वाँ' हे स्त्रियांसाठीचे साप्ताहिक सुरू केले. वाचक मिळावेत म्हणून त्यांनी मोठ्या लोकांची नावे काढून त्यांना अंक फुकट पाठवले. झाले काय? पुष्कळसे अंक न घेताच परत आले, काहींवर तर शिव्या लिहिलेल्या होत्या. ज्याने मागितले नाही त्याच्या दारात कागद टाकून वाचक मिळत नाही. पत्र वाढले ते हळूहळू, वाचणाऱ्या स्त्रियाच लिहू लागल्या तेव्हा. बाहेर पडण्याची मुभा नसलेल्या स्त्रिया त्या पानांवर एकमेकींशी बोलू लागल्या. एक जण प्रश्न विचारी, दुसरी दूरच्या शहरातून उत्तर देई. 'बिन्त-ए-नज़रुल बाक़र' या नावाने लिहिणारी एक तरुण मुलगी पुढे नज़र सज्जाद हैदर म्हणून प्रसिद्ध कादंबरीकार झाली आणि 'फूल' या मुलांच्या साप्ताहिकाची संपादिकाही. कुर्रतुलऐन हैदर यांच्या त्या आई.

याच लाहोरच्या पत्राचा एक धागा आपल्या कोकणापर्यंत येतो. मुंबईच्या अतिया फैजी 1906 साली शिक्षिकेचे प्रशिक्षण घेण्यासाठी लंडनला गेल्या. तिथून त्या बहिणींना जे लिहून पाठवत, ते बहीण ज़ोहरा यांनी नीट करून 'तहज़ीब-ए-निस्वाँ'कडे दिले आणि 1907 मध्ये ते क्रमशः छापले गेले. त्यांची आणखी एक बहीण नाज़ली, मुरुड-जंजिऱ्याच्या बेगम. घरच्या बहिणींसाठी लिहिलेला मजकूर लाहोरच्या पत्रातून अनोळखी घरांपर्यंत पोहोचला. पुढे 'ज़माना-ए-तहसील' नावाने त्याचे पुस्तकही झाले. बीएड करताना हे नाव आम्हाला कोणी सांगितले नव्हते. सांगायला हवे होते, असे वाटते.

या तिन्ही ठिकाणी गोष्ट एकच दिसते. नवा लिहिणारा आधीच भरलेल्या महफिलीत गेला, तिथे काही भर घातली आणि लोकांनी मागे वळून विचारले, हे कोण बोलले?

आता कोणी म्हणेल, ही तर जाहिरातच झाली. दुसऱ्याच्या दारात जाऊन आपला माल विकायचा! शंका योग्य आहे आणि तिचे उत्तर नियतीत आहे. लग्नघरी जाऊन आपल्या दुकानाची कार्डे वाटणारा माणूस कोणालाच आवडत नाही. पण तिथे जो पंगतीत वाढायला उभा राहतो, त्याला सगळे विचारतात, भाऊ, तुम्ही कुठले? सलामचे उत्तर सलामपेक्षा चांगले द्यावे, निदान तितके तरी द्यावे, हे आपल्याला लहानपणापासून शिकवले गेले आहे. लेख हाही लेखकाने वाचकाला केलेला सलाम समजा.

मुलींना आम्ही जे सांगितले ते इथेही लिहून ठेवतो. ज्यांच्या घरात कोणी लिहिणारे आहे, त्यांना उपयोगी पडेल.

पहिले, लेख पूर्ण वाचा. मथळा वाचून लिहिलेले पत्र संपादक पहिल्या ओळीतच ओळखतो. कोणत्या अंकातला, कोणाचा, कोणता लेख ते सुरुवातीलाच लिहा.

दुसरे, "लेख फार आवडला, अभिनंदन" एवढ्यावर थांबू नका. लेखकाला ठाऊक नसलेली एक गोष्ट द्या. समजा, एखाद्या मासिकात मुंबईच्या बंद गिरण्यांवर लेख आला. आंबिवली-मोहोन्याच्या मुलीला त्यात काय सांगता येईल? आमच्याकडे एनआरसीचा रेयॉनचा कारखाना होता, तो 2009 पासून बंद आहे. तिथे कामाला असलेल्या आपल्या नानांना विचारा: पाळी कशी असे, वसाहतीत कोण कोण राहत, ईद आणि गणपती कसे होत. त्यातली एकच आठवण चार ओळींत लिहा. ती दुसऱ्या कोणाकडे नाही. ज्या गावाचे आपण आहोत, ते गाव ही आपली पुंजी आहे.

तिसरे, आटोपशीर लिहा. पोस्टकार्ड आजही पन्नास पैशांत मिळते. त्यावर मावेल तेवढेच लिहायचे असा नियम करा. दीडशे शब्दांचे पत्र छापले जाते, पाचशे शब्दांचे बाजूला पडते. आणि लवकर लिहा. मासिक हाती आल्यापासून आठ दिवसांत पत्र गेले नाही, तर बहुधा पुढचा अंक निघून जातो.

चौथे, खाली पूर्ण नाव आणि गाव लिहा. 'एक वाचक' किंवा 'एक हितचिंतक' याला कोणी शोधत येत नाही. अल्पवयीन मुलींनी घरचा पत्ता देऊ नये. नाव, इयत्ता आणि 'आंबिवली' एवढे पुरे. नावाखाली बारीक अक्षरात आपल्या हस्तलिखिताचे नाव चालेल. पत्राच्या मजकुरात मात्र त्याचा उल्लेख नको.

पाचवे, मतभेद असेल तर अदबीने लिहा. आधी समोरच्याचे म्हणणे त्याला पटेल अशा शब्दांत मांडा, मग आपले सांगा. रागात लिहिलेले पत्र रात्रभर उशाशी ठेवा आणि फज्रनंतर पुन्हा वाचा. निम्मे शब्द आपणच खोडाल.

सहावे, एकच पत्र दहा ठिकाणी पाठवू नका. दर महिन्याला दोन-तीन पत्रे, पण नेमाने. चार-सहा महिन्यांत संपादक नाव ओळखू लागतो आणि एक दिवस स्वतःहून विचारतो, यावर लेख द्याल का?

सातवे आणि सर्वात महत्त्वाचे: तुमच्या अंकाला कोणी पत्र लिहिले, तर उत्तर द्याच. पहिल्या दहा वाचकांना उत्तर मिळाले नाही, तर अकरावा येत नाही.

मुलींनी हे दोन अंकांच्या काळात करून पाहिले. नऊ पत्रे गेली, दोन छापून आली. एक मराठी साप्ताहिकात, एक उर्दू दैनिकात. मराठी पत्र होते जुन्या विहिरींवरच्या लेखाला उत्तर म्हणून. ते वाचून टिटवाळ्याच्या एका निवृत्त गुरुजींनी अंक मागवला आणि वाचून दोन पानी पत्र पाठवले. उर्दू शब्दांचे अर्थ तळटीपेत द्या, अशी सूचना केली आणि दोन शुद्धलेखनाच्या चुकाही दाखवल्या. मुलींनी ते पत्र पुढच्या अंकात जसेच्या तसे घेतले. तीस प्रतींच्या चाळीस झाल्या, बस एवढेच. पण त्या वरच्या दहा प्रती नातेवाइकांच्या नाहीत. अंक बंद करण्याचा विषय सध्या निघत नाही. दहावीच्या मुलीला मात्र परीक्षेपर्यंत सुट्टी दिली आहे, आणि ते योग्यच आहे.

या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. मराठी वर्तमानपत्रांतली वाचकांची पत्रे आम्ही वर्षानुवर्षे वाचतो. आपली नावे तिथे दिसतात ती बहुतेक ईदच्या दिवसांत किंवा काही वादंग उठले की. जणू पाऊस, लोकलची गर्दी, शाळेची फी, भाजीचे भाव, चांगले पुस्तक याबद्दल आपल्याला काही म्हणायचेच नसते! आपण घरात याच गोष्टी बोलतो आणि मराठीतच बोलतो. मग शेजाऱ्याला आपण केवळ वादाच्या दिवशीच का ऐकू यावे? 1990 साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हापासून आपल्या लिहित्या हातांची संख्या वाढली आहे. संमेलन काही वर्षांतून एकदा भरते, पत्रांचे पान मात्र रोज उघडे असते.

तेव्हा या महिन्यात एक काम करा. घरात येणारे कोणतेही एक मराठी नियतकालिक घ्या, त्यातला एक लेख मुलांसोबत मोठ्याने वाचा आणि "याला आपण काय सांगू शकतो?" असे त्यांना विचारा. जे उत्तर येईल ते पोस्टकार्डावर उतरवा, खाली मुलाचे किंवा मुलीचे नाव आणि गाव घाला आणि पेटीत टाका. छापून आले तर या सदराला जरूर कळवा. नाही आले, तर दुसरे लिहा.