पंगतीत तिचेही पान

सकाळी सात-साडेसातच्या सुमारास महाराष्ट्रातील एखाद्या वस्तीतून चालत गेले, तर आपण कोणत्या प्रांतात आहोत हे पाटी वाचण्याआधी नाकाला कळते. विदर्भात पोह्यांवर हरभऱ्याची तर्री पडत असते. मराठवाड्यात चुरमुरे भिजवून सुशीला फोडणीला टाकलेली असते, किंवा तव्यावर धपाटे उलटत असतात. खानदेशात कळण्याच्या भाकरीसाठी ठेचा कुटला जात असतो. कोकणात घावणे, नाहीतर मऊ भात, मेतकूट आणि वर साजूक तुपाची धार. देशावर भाजणीचे थालीपीठ आणि त्याच्या मधल्या भोकाशी वितळणारा लोण्याचा गोळा. भाषा एक, दैवते बहुतेक तीच, पण न्याहारी दर पन्नास कोसांवर निराळी. भारताच्या विविधतेवर व्याख्याने देणाऱ्यांनी एकदा सकाळच्या या ताटल्या शेजारी शेजारी मांडून पाहाव्यात.

या ताटल्यांमध्ये पोह्यांचे स्थान जुने आहे. सुदाम्याने द्वारकेला नेलेली पुरचुंडी पोह्यांची होती, ही आठवण मराठी मनाने अजून जपली आहे. त्याच पोह्यांतील हिरवी मिरची आणि बटाटा मात्र पोर्तुगिजांच्या गलबतांबरोबर समुद्रापलीकडून आलेले. त्यापूर्वी तिखटपणा मिऱ्याचा होता, आणि नव्या पाहुणीला आपण मिऱ्यावरूनच नाव दिले. उपवासाचा साबुदाणा ज्या कंदापासून होतो, तो कंदही मूळचा दक्षिण अमेरिकेतला. आज त्याच्यावाचून एकादशी सुनी वाटते. हिंदू स्वयंपाकघराने बाहेरचे ते घेतले, पण आपल्या फोडणीत घेतले. स्वदेशीचा विचार करताना हा पचवण्याचा गुण विसरता कामा नये.

घरच्या अन्नाची थोरवी पदार्थात थोडी आणि करणाऱ्याच्या ध्यानात अधिक असते. आजोबांच्या दातांना पोळी झेपत नाही म्हणून ती दुधात कुस्करली जाते. धाकट्याचे पोहे मिरची पडण्याआधी बाजूला काढले जातात. परीक्षेला जाणाऱ्या मुलीच्या हातावर दही-साखर पडते. मधुमेह जडलेल्या कर्त्या पुरुषासाठी ज्वारीची भाकरी वेगळी थापली जाते. एकाच चुलीवर चार प्रकृतींचा विचार एका वेळी चाललेला असतो. रात्री उरलेल्या भाताचा सकाळी फोडणीचा भात होतो, शिळ्या पोळीचा कुस्करा होतो, किंवा गूळ-तूप घालून लाडू वळला जातो आणि पोरे त्यासाठी भांडतात. अन्न वाया जाऊ नये यावर आता परिसंवाद भरतात. आपल्या आज्या हे काम परिसंवादाशिवाय करीत होत्या, आणि उरलेल्याची चव मुळापेक्षा वाढवीत होत्या. हे ज्ञान कोणत्या पुस्तकात नव्हते. ते चिमटीत होते आणि अंदाजात होते.

हे चित्र पालटू लागले आहे. केंद्र सरकारच्या २०२३-२४ च्या घरगुती उपभोग खर्च पाहणीत, अन्नावरील खर्चांपैकी सर्वांत मोठा वाटा पेये, अल्पोपाहार आणि प्रक्रिया केलेल्या पदार्थांच्या गटाचा निघाला. शहरी कुटुंबाच्या एकूण मासिक खर्चात तो ११ टक्क्यांच्या घरात आहे आणि ग्रामीण कुटुंबातही पावणेदहा टक्क्यांच्या पुढे. बाहेरून विकत घेतलेले शिजवलेले जेवणही याच गटात मोजले जाते. म्हणजे शहर बिघडले आणि खेडे शाबूत राहिले, ही समजूतही आता सोडून द्यावी लागेल. पाकिटातील शेवया आणि बिस्किटांचा पुडा तांड्यावर आणि पाड्यावरही पोहोचला आहे. २०२४ मध्ये राष्ट्रीय पोषण संस्थेने देशवासीयांसाठी आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. देशातील रोगांच्या भारापैकी ५६ टक्क्यांहून अधिक भार सदोष आहाराशी निगडित असल्याचा अंदाज त्यात दिला आहे. मीठ, साखर आणि तेल आवरा, हा त्यांचा सल्ला. घरच्या स्वयंपाकात हे आवरणे हाती असते. पाकिटात ते दुसऱ्याच्या हाती जाते.

इथवर आले की आपल्याकडील बहुतेक लेख आणि बौद्धिके एका ठरलेल्या वळणाने जातात. हल्लीच्या मुलींना स्वयंपाक येत नाही, सुनांना तो करायचा नसतो, म्हणून घराचे हॉटेल झाले, असा निष्कर्ष निघतो, श्रोते माना डोलावतात आणि मंडळी चहाला उठतात. हा निष्कर्ष सोयीचा आहे. तो खरा आहे का, हे तपासायला हवे.

डोंबिवलीहून सकाळची लोकल पकडणारी, किंवा हिंजवडीच्या वाहतुकीत रोजचे दोन तास घालवणारी स्त्री आज घरच्या उत्पन्नाचा निम्मा भार उचलते. त्या उत्पन्नावर घराचा हप्ता फिटतो, मुलांची शाळा चालते, आणि हे सासरच्यांना मान्य असते. घरातील कामाची जुनी वाटणी मात्र जागची हलत नाही. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटे वेळ जात असल्याचे दिसले. जे पुरुष घरकाम करतात, त्यांचा ८८ मिनिटे. म्हणजे घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांशी तुलना केली तरी हे अंतर तिपटीहून अधिक आहे. ज्यांच्या वाट्याला कपबशी विसळणेही येत नाही, ते या हिशेबात धरलेलेच नाहीत. रात्री आठ वाजता दमून आलेल्या स्त्रीने भ्रमणध्वनीवरून जेवण मागवले, तर तिला संस्कारांची आठवण करून देण्याआधी तिच्या आधी घरी पोहोचलेल्याने निदान कुकर लावला होता का, हे विचारणे न्याय्य ठरेल.

संघाच्या शताब्दी वर्षात पंच परिवर्तनाचा जो आग्रह धरला गेला, त्यात कुटुंब प्रबोधन हा एक विषय आहे. आठवड्यातून एकदा तरी सर्व कुटुंबाने एकत्र बसून जेवावे, दूरचित्रवाणी आणि भ्रमणध्वनी बाजूला ठेवावेत, घरातल्या गोष्टी बोलाव्यात, ही त्यातील सूचना साधी आणि मोलाची आहे. अनेक घरांनी ती निष्ठेने अमलात आणली. अमलात आणताना काय होते, ते पाहण्यासारखे असते. वडील, आजी-आजोबा, मुले गोलाकार बसतात, श्लोक म्हटला जातो, विषय निघतो. आणि जिच्यामुळे हे सारे घडते ती ओट्याशी उभी राहून गरम पोळ्या टाकीत असते. चर्चेतील दोन वाक्ये तिच्या कानावर पडतात, तिसरे कुकरच्या शिट्टीत विरते. सर्वांचे झाले की ती मागून बसते. तोवर भाजी संपत आलेली, आमटी तळाला गेलेली आणि बोलणेही आटोपलेले असते. कुटुंब एकत्र जेवले, अशी नोंद मात्र झालेली असते.

मागून जेवण्याला आपण त्याग म्हणतो. त्याची किंमत शरीर भरते. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) देशातील १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये पंडुरोग आढळला. प्रगत म्हणवणाऱ्या महाराष्ट्रातही हे प्रमाण ५४ टक्क्यांच्या वर होते. कारणे अनेक आहेत, हे मान्य. पण उरलेले खाणे हे त्यांतले एक आहे, आणि ते दूर करायला कोणत्याही योजनेची वाट पाहावी लागत नाही.

परंपरेचा दाखला देणाऱ्यांसाठीही इथे थोडे सांगण्यासारखे आहे. गर्भवती, नवविवाहिता, मुली आणि आजारी यांना अतिथींच्याही आधी वाढावे, असे मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात सांगितले आहे. अतिथी आणि सेवक जेवल्यावर जे उरेल ते दांपत्याने, म्हणजे नवरा-बायको दोघांनी, घ्यावे, असेही तेथेच आहे. मागून जेवायचे तर दोघांनी, हा त्याचा सरळ अर्थ. त्याच ग्रंथाच्या पुढच्या अध्यायात पत्नीबरोबर बसून जेवू नये असेही वचन आहे. दोन्ही वचने आपल्याच ग्रंथातली. त्यांपैकी दुसरे आपल्या घरांनी पिढ्यान्पिढ्या पाळले आणि पहिले विसरले, यात ग्रंथापेक्षा पाळणाऱ्यांच्या सोयीचा भाग मोठा होता. ऋग्वेदातील दानसूक्ताने तर एकट्याने खाणाऱ्याला पापाचाच वाटेकरी ठरवले आहे. समोरच्या ओट्याशी कोणी उभे असताना घेतलेला घास हा एकट्याने घेतलेल्या घासाहून फारसा वेगळा नसतो.

यावर उपाय शोधायला परदेशी जाण्याची गरज नाही. शिबिरांमध्ये भोजनव्यवस्थेचे काम पुरुषच करतात. दोनशे जणांची आमटी, तीनशे जणांचा शिरा, पहाटेचे पोहे, भांडी घासणे आणि वाढणे ही कामे न लाजता, किंबहुना अभिमानाने होतात. लग्नाचे आचारी पुरुषच असतात, भंडाऱ्याची कढई पुरुषच ढवळतात. ज्याला शिबिरात दोनशेंची आमटी साधते, त्याला घरी चौघांची का साधू नये? साधते, फक्त घराच्या उंबऱ्याशी तो गणवेशाबरोबर पळीही उतरवून ठेवतो. मुलग्यांना वयाच्या दहाव्या-बाराव्या वर्षी वरण-भात, पोहे आणि भाकरी शिकवणे, रविवारची न्याहारी त्यांच्याकडे सोपवणे आणि ती बिघडली तरी हसत खाणे, एवढ्याने पुढल्या पिढीचे निम्मे काम होईल. पोळ्या आधी करून डब्यात ठेवल्या तर त्या किंचित निवतात, पण ओट्याशी कोणाला उभे राहावे लागत नाही. गरम पोळीचा हट्ट हा स्वादाचा विषय असेल, संस्कृतीचा नव्हे.

वाटून खाण्याची ही गोष्ट घराच्या चार भिंतींत संपत नाही. हिंदू समाजाला जखडणाऱ्या सात बेड्यांत स्वातंत्र्यवीर सावरकरांनी रोटीबंदी मोजली होती. चवदार तळ्याच्या पाण्यासाठी १९२७ मध्ये महाडला डॉ. आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला, असा तो काळ. त्या काळात रत्नागिरीत स्थानबद्ध असलेल्या सावरकरांनी सहभोजनांचा धडाका लावला, आणि १९३३ मध्ये सर्व जातींच्या हिंदूंना खुले असे उपाहारगृह तेथे सुरू केले. डिसेंबर १९३४ मध्ये महात्मा गांधींनी वर्ध्याच्या संघ शिबिराला भेट दिली, तेव्हा जातीची विचारपूस न करता एकत्र राहणारे आणि जेवणारे तरुण त्यांच्या दृष्टीस पडले. शिबिरांसाठी घरोघरून पोळ्या गोळा करण्याची पद्धत अनेक गावांत आहे. प्रत्येक घर दहा-पंधरा पोळ्या देते, त्या एका टोपलीत मिसळतात, आणि ताटात पडलेली पोळी कोणत्या आळीतली हे खाणाऱ्याला कळत नाही, कळायचे कारणही नसते. समरसतेचा इतका बिनबोभाट मार्ग दुसरा नसेल.

तरीही मैदानावर जे साधले ते स्वयंपाकघरात साधले, असे छातीठोकपणे म्हणता येईल का? पुण्या-मुंबईच्या, नाशिक-नागपूरच्या मध्यमवर्गीय घरांत ज्याला आपण घरचे जेवण म्हणतो, ते पुष्कळदा पोळ्या करणाऱ्या बाईंच्या हातचे असते. सकाळी सहापासून चार-पाच घरे करीत त्या धावत असतात. त्यांच्या लाटण्याखालची पोळी सर्वांना चालते. पण अशाही वास्तू आहेत, जिथे त्यांना दिला जाणारा चहाचा कप खिडकीत वेगळा ठेवलेला असतो आणि तो त्यांनीच धुवायचा असतो. हे करणारी माणसे दुष्ट नसतात. त्यांतील कित्येक जण समरसतेच्या कार्यक्रमांना हजर असतात, मकरसंक्रांतीला वस्तीत जाऊन तिळगूळ वाटतात. त्या कपाकडे त्यांचे लक्षच गेलेले नसते. सवय अशीच असते. ती डोळ्यांसमोर असून दिसत नाही.

या बाई ज्या वेळी दुसऱ्यांच्या नातवंडांसाठी मऊ पोळी लाटतात, त्या वेळी त्यांची स्वतःची मुले चहात बिस्किट बुडवून शाळेत गेलेली असतात. तेलाने माखलेली वहीची पाने आणि दुपारपर्यंत रिकामे पोट घेऊन बसणारी ही मुले शिक्षकांना चांगली ठाऊक आहेत. शाळेतील दुपारचे भोजन त्यांच्यासाठी आधार आहे, पण त्याला दीड-दोन वाजतात. वस्त्यांमध्ये अभ्यासिका आणि संस्कारवर्ग चालवणारे कार्यकर्ते आजही अनेक ठिकाणी मुलांना मूठभर चणे-गूळ देतात. आळीतल्या वीस घरांनी आठवड्याचा एकेक दिवस वाटून घेतला, तर पहाटेच्या अभ्यासिकेत रोज उपमा किंवा थालीपीठ मिळणे अवघड नाही. पोळ्या गोळा करण्याची घडी आधीच बसलेली आहे; टोपली तेवढी शिबिर संपल्यावर माळ्यावर न टाकता खाली ठेवावी लागेल. आणि येत्या रविवारी पोळ्या करणाऱ्या बाई काम आटोपून निघतील, तेव्हा त्यांचा कप खिडकीतून उचलून मांडणीवरच्या इतर कपांत ठेवायला कोणत्याही बैठकीची परवानगी लागणार नाही.