‘तारण’ आणि ‘भक्ती’ : ख्रिस्ती मराठी वाङ्मयाच्या वाचनातील एक गफलत

मराठी ख्रिस्ती वाङ्मयावरील समीक्षेने एक सोपी वाट पक्की केली आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांची कविता आली की तुकोबांचे नाव घ्यावयाचे, ‘भक्ती’ हा शब्द योजावयाचा आणि पुढे जावयाचे. तुकारामांच्या सेतूवरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, अशी टिळकांचीच भूमिका असल्याने या वाटेला आधारही मिळाला. तथापि सेतू ओलांडल्यावर जो सिद्धांत भेटतो, म्हणजे केवळ विश्वासाने होणारे तारण, तो या घाईत अभ्यासकाच्या हातून निसटतो.

अडचण शब्दांपासूनच सुरू होते. ‘तारण’ म्हटले की चंद्रपूर-गडचिरोलीकडील पदव्युत्तर विद्यार्थ्याला सोसायटीच्या कर्जापोटी गहाण पडलेली जमीन आधी आठवते. यात त्याचा दोष नाही. ज्याची मातृभाषा गोंडी वा माडिया आहे, त्याच्यापुढे तर हे शब्द दुहेरी अनुवादातून येतात. मराठी बायबलातील ‘नीतिमान ठरविणे’ हा प्रयोग त्याहून फसवा आहे. मराठी कानाला त्यात सदाचरणाची फलश्रुती ऐकू येते. पौलाच्या रोमकरांस पत्राचा मार्टिन ल्यूथरने लावलेला अर्थ मात्र न्यायासनासमोरचा आहे : दोषी मनुष्य दोषी असतानाच, ख्रिस्ताच्या पुण्यावर विसंबल्यामुळे, निर्दोष ठरतो. कर्मविपाकाच्या कल्पनेत वाढलेल्या मनाला हा उघड अन्याय वाटावा. वैष्णव परंपरेतील मार्जारकिशोर न्याय येथे जवळचा वाटतो खरा. पण मांजरीने उचललेल्या पिलावर कोणताही खटला चाललेला नसतो. विदर्भातील अभ्यासकाला महानुभाव विचारही आठवेल. परमेश्वरावाचून जीवाचा उद्धार नाही, हे चक्रधरांनी निक्षून सांगितले. परंतु त्या पंथात आचारधर्माचे बंधनही तेवढेच कडक आहे.

या सिद्धांताचा खरा मराठी दाखला पंडिता रमाबाईंचा आहे. इंग्लंडमध्ये वाँटेज येथे १८८३ साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. परंतु १९०७ सालच्या आपल्या इंग्रजी आत्मनिवेदनात त्या सांगतात की, ख्रिस्ती धर्म त्या वेळी मिळाला, ख्रिस्त मिळाला नव्हता. तो मिळाला सुमारे आठ वर्षांनी. या आठ वर्षांत त्यांनी काय केले नाही? अमेरिकेचा दौरा, ग्रंथलेखन, १८८९ साली शारदा सदनाची स्थापना! इतके सारे पदरी असताना यातले काहीही तारणास कामाचे नाही, असे ज्या स्त्रीला उमगले, तिच्या या कबुलीस ‘भक्तिभाव’ म्हणून मोकळे होणे हा वाचनाचा आळस होय. पुढे १८९६-९७च्या दुष्काळात त्या मध्यप्रांतात गेल्या (चांदा जिल्हा त्या वेळी याच प्रांतात होता) आणि शेकडो मुलींना त्यांनी केडगावी आश्रय दिला. कर्माने तारण नाही असे मानणाऱ्या बाईने एवढे कर्म केले, ही विसंगती नव्हे. तारणासाठी काही मिळवावयाचे उरले नाही म्हणून हात मोकळे झाले, असा त्याचा अर्थ लावणे अधिक युक्त ठरेल. कर्माविना विश्वास निर्जीव, असे बजावणारे याकोबाचे पत्रही त्याच नव्या करारात आहे.

‘ख्रिस्ती मराठी वाङ्मय’ हे एकच दालन मानण्याची सवयही येथेच तपासावी लागते. फादर स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ (१६१६) जेझुइटाचे आहे, आणि ट्रेंटच्या परिषदेने १५४७ सालीच ‘केवळ विश्वास’ ही भूमिका नाकारली होती. उलट चांद्यास काम करणारे मिशन स्कॉटिश एपिस्कोपल चर्चचे. त्या चर्चने १८०४ साली स्वीकारलेल्या एकोणचाळीस कलमांतील अकरावे कलम नेमके तीच भूमिका मांडते. कॅथलिक व ल्यूथरन पक्षांनी १९९९ साली आउग्सबुर्ग येथे संयुक्त घोषणेवर सह्या केल्या, तोवर या वादाला साडेचार शतके उलटली होती. आपले प्रबंध मात्र ‘क्रिस्तपुराणा’वरून थेट टिळकांवर येतात.

आणि टिळकांच्या घरातही एकवाक्यता गृहीत धरता येत नाही. लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रां’त परिवर्तनाचा कळीचा क्षण पापाच्या जाणिवेचा नाही, सोवळेओवळे आणि जातिभेद मनातून गळून पडण्याचा आहे. तो रमाबाईंच्या कबुलीशेजारी ठेवून वाचणारा प्रबंध विद्यापीठांकडे यावयास हवा.