‘लँड सीडिंग : नो’ म्हणजे नेमकं काय हो साहेब?

मंडळी, आजची पोस्ट जरा रुक्ष विषयावर आहे. पण ज्यांच्या घरात सातबारा आहे त्यांनी शेवटपर्यंत वाचावी, एवढीच विनंती.

पीएम किसानचा हप्ता जमा होण्याची तारीख आली की आम्हा तालुक्याच्या पत्रकारांचे फोन सुरू होतात. "दादा, शेजाऱ्याला आले, मला नाही आले. बातमी लावा की." मोबाईलवर स्टेटस उघडून बघितलं की तिथं तीन ओळी असतात. लँड सीडिंग, ई-केवायसी आणि आधार बँक सीडिंग. प्रत्येकीपुढं ‘येस’ नाहीतर ‘नो’. तिन्हींत एक जरी ‘नो’ असला तरी दोन हजार अडकले.

आता या ‘नो’चा अर्थ कुणाला विचारायचा? सेवा केंद्रवाला म्हणतो तलाठ्याकडं जा. तलाठी म्हणतात, सातबारा ऑनलाइन आहे, माझं काम झालं, कृषी खात्यात विचारा. तिथं सांगतात, पोर्टलवरच तसं दिसतंय, आम्ही काय करणार? आणि बँकेत गेलं की एकच उत्तर, "तुमचं आधार लिंक आहे, काका." सगळे आपापल्या जागी खरं बोलतात आणि शेतकऱ्याची तीन दिवसांची मजुरी बुडते.

लोक याला ‘सर्व्हर डाउन’ म्हणून सोडून देतात. माझं मत वेगळं आहे. बऱ्याचदा सर्व्हर चांगला चालू असतो. घोळ शब्दांचा असतो. सरकारनं संगणक जोडले, पण त्या जोडणीतल्या शब्दांचे अर्थ लोकांसाठी ठरवून दिले नाहीत.

थोडं तांत्रिक सांगतो. पूर्वी प्रत्येक खात्याचं स्वतःचं रजिस्टर असायचं. आता एक खातं दुसऱ्याच्या माहितीसाठ्यात थेट हात घालत नाही, ठरलेल्या खिडकीतून मागणी करतं आणि उत्तर घेतं. संगणकवाले या मांडणीला सेवाधारित रचना म्हणतात, आणि जी खिडकी फक्त माहिती देण्याघेण्याचं काम करते तिला डेटा सर्व्हिस. देणारा तो पुरवठादार, घेणारा तो ग्राहक. या व्यवहारातला ग्राहक म्हणजे तुम्ही-आम्ही नव्हे बरं का. इथं ग्राहक म्हणजे दुसरं खातं, दुसरी यंत्रणा. आपण फक्त उत्तराचे परिणाम भोगणारे.

या शब्दांच्या व्याख्या जगात झालेल्याच नाहीत असंही नाही. ओॲसिस या मानकं ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेनं २००६ मध्येच सेवाधारित रचनेचा संदर्भ नमुना प्रसिद्ध केला. त्याचा सोप्या भाषेतला सारांश असा : सेवा म्हणजे एखादी क्षमता वापरायला मिळण्याची सोय. ती ठरलेल्या पद्धतीनंच वापरायची, आणि तिच्या अटी व मर्यादा तिच्या वर्णनात लिहिलेल्या असल्या पाहिजेत. त्यात आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. सेवा वापरल्यावर प्रत्यक्ष जगात काय परिणाम होतो, त्यालाही त्या नमुन्यात स्वतंत्र जागा आहे. म्हणजे संगणकानं उत्तर दिलं एवढ्यावर विषय संपत नाही. त्या उत्तरानं कुणाच्या खात्यात पैसे गेले नि कुणाचे थांबले, हाही सेवेचाच भाग.

आता ही फूटपट्टी आपल्या तीन ओळींना लावून बघू.

पहिली ओळ लँड सीडिंग. जमिनीची मूळ नोंद राज्याच्या महसूल खात्याची, योजना केंद्राच्या कृषी खात्याची. ‘नो’ म्हणजे जमीन नावावरच नाही? की आहे, पण वारसाचा फेरफार बाकी आहे? की फेरफार झाला, पण माहिती पुढं गेलीच नाही? की गेली, पण सातबाऱ्यावरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळलं नाही? चार वेगळी कारणं, चार वेगळे उपाय आणि शब्द एकच. शिवाय नियमाचा ‘नो’ वेगळाच. १ फेब्रुवारी २०१९ नंतर विकत घेतलेल्या जमिनीवर हा लाभ बसत नाही, वारसाहक्काची गोष्ट निराळी. म्हणजे नोंदीतला दोष आणि नियमातली अपात्रता या दोन गोष्टी. पहिली दुरुस्त होते, दुसरी होत नाही. कोणती आपल्याला लागू आहे हे शेतकऱ्याला आधीच कळलं तर त्याचे हेलपाटे वाचतील.

दुसरी ओळ ई-केवायसी. आधारची साधी पडताळणी फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’ सांगते. ई-केवायसीत नाव, पत्ता, फोटो अशी माहिती दिली जाते. दोन्ही सेवा आधारच्याच, पण कामं वेगळी. बोलताना आपण दोन्हीला ‘अंगठा देणे’ म्हणतो.

तिसऱ्या ओळीत तर मोठीच गंमत. बँकेतले साहेब म्हणतात ‘लिंक आहे’, पोर्टल म्हणतं ‘सीडिंग नाही’. दोघंही खरे! बँकेच्या खात्याला आधार क्रमांक जोडणं ही एक गोष्ट. सरकारी अनुदान कोणत्या बँकेत पाठवायचं याची नोंद एनपीसीआयच्या यादीत असणं ही दुसरी. त्या यादीत एका आधारपुढं एका वेळी एकच बँक असते. दोन बँकांत खाती असलेला माणूस एका बँकेत पासबुक भरून बघत बसतो आणि पैसे दुसरीकडं जमा झालेले असतात. ‘लिंक’ आणि ‘सीडिंग’ यातला फरक बँकेच्या भिंतीवर दोन ओळींत मराठीत लिहिला असता, तर किती म्हाताऱ्या माणसांचे एसटीचे पैसे वाचले असते?

आणि एका ‘नो’ची शिक्षा एकदाच होत नाही. राज्यानं २०२३ मध्ये नमो शेतकरी महासन्मान निधी आणला. वर्षाला आणखी सहा हजार, लाभार्थी पीएम किसानच्याच यादीतून. कल्पना चांगली, पुन्हा कागदपत्रं मागायला नकोत. पण वर अडकलेला माणूस खालीही अडकतो. आता शेतकरी ओळख क्रमांक आलाय, त्यावर पुढच्या योजना जोडल्या जातायत. पाया एकच असेल तर त्यातली चूकही सगळ्या मजल्यांवर जाणार.

काही इंजिनिअर मित्र म्हणतात, "तुम्ही बातम्या लिहा, आर्किटेक्चर आमच्यावर सोडा." बाबांनो, तुमच्या जगात तर ही शिस्त आहेच! वेबवर पान सापडलं नाही तर ४०४, परवानगी नसेल तर ४०३, सेवा तात्पुरती बंद असेल तर ५०३. ‘सापडलं नाही’, ‘देणार नाही’ आणि ‘आत्ता देता येत नाही’ हा फरक यंत्राला यंत्र सांगतं. मग माणसाला सांगताना सगळ्याचा ‘नो’ का होतो?

आमच्या डिप्लोमात पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं, बातमीत कोण, काय, कधी, कुठं, का, कसं ही सहा उत्तरं पाहिजेत. सरकारी डेटा सर्व्हिसकडंही माझी तेवढीच मागणी आहे. ही माहिती मूळ कुणाची? नेमकं काय विचारलं होतं? नोंद कोणत्या तारखेची? ती कुठून आली? ‘नो’ का? आणि दुरुस्ती कशी, किती दिवसांत, कुणाच्या सहीनं?

आणखी एक. ‘उत्तर आलं नाही’ याला ‘अपात्र’ धरायचं नाही, हा नियम लेखी हवा. दोन यंत्रणांचं एकमेकींशी जुळलं नाही, तर भार यंत्रणांनी उचलावा, शेतकऱ्यानं नाही.

आपल्याकडं २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे. त्यात अधिसूचित सेवेला मुदत आहे, पदनिर्देशित अधिकारी आहे, अपील आहे. दाखला वेळेत मिळाला नाही तर कुणाला जाब विचारायचा हे ठरलेलं आहे. पण दोन खात्यांच्या मधल्या खिडकीत नोंद अडकली तर तिथला पदनिर्देशित अधिकारी कोण? ती जागा मोकळी आहे, आणि सगळे हेलपाटे त्याच मोकळ्या जागेत होतात.

मला जुने कागद परत नकोत. घरबसल्या सातबारा मिळतो ही मोठी गोष्ट आहे, चिरीमिरी देऊन उतारे काढलेले दिवस कुणी विसरलेलं नाही. म्हणूनच हे नीट व्हावं असं वाटतं.

तुमच्या स्टेटसला ‘नो’ असेल तर या वेळी एक करा. "माझं काम का झालं नाही" असं तोंडी विचारू नका. "या नोंदीचा मूळ मालक कोण, ‘नो’चं कारण काय आणि दुरुस्ती कोण करणार" असा लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. काय उत्तर मिळालं ते इथं कमेंटमध्ये टाका, पण आधार क्रमांक आणि खाते क्रमांक टाकू नका. दहा-वीस उत्तरं जमली की ती एकत्र करून तहसीलदार साहेबांपुढं ठेवायची जबाबदारी माझी.