खाणीचे वेळापत्रक कोणाच्या हिशेबाने?

गोव्यातील खाणी लिलावानंतर पुन्हा सुरू होऊ लागल्या, याचे समाधान आपल्यापैकी अनेकांना आहे आणि ते योग्यच आहे. २०१२ साली खाणी बंद पडल्या. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने त्या पुन्हा थांबल्या. ट्रकच्या कर्जाचे हप्ते कसे थकत गेले, हे बँकेच्या खिडकीमागे बसून मी पाहिले आहे. पण खाण सुरू झाली म्हणजे सर्व काही सुरळीत झाले, अशा भ्रमात राहू नये.

आजकाल खाणीचे नियोजन संगणकावर होते. जमिनीत भोके पाडून काढलेल्या नमुन्यांवरून सॉफ्टवेअर साऱ्या डोंगराचे लहान लहान ठोकळे मांडते. प्रत्येक ठोकळ्यात लोह किती, माती किती, खोदाईचा खर्च किती, हे त्यात भरलेले असते. वरचा ठोकळा काढल्याशिवाय खालचा निघत नाही. एवढे सांभाळून कोणता ठोकळा कोणत्या वर्षी काढला तर फायदा सर्वांत जास्त, हे ते शोधून देते.

मेख आहे ती या 'फायदा' शब्दात. कॉमर्स शिकलेल्या कोणालाही ठाऊक असते की, उद्याचा रुपया आजच्या रुपयापेक्षा हलका. दहा टक्के दराने वीस वर्षांनंतरचे १०० रुपये आजच्या हिशेबात १५ रुपयेही भरत नाहीत. म्हणून सॉफ्टवेअर चांगले खनिज आधी उचलते आणि खर्च मागे ढकलते. खड्डा भरणे, डंपवर झाडे लावणे ही कामे शेवटी येतात आणि कागदावर त्यांची किंमत जवळजवळ पुसली जाते. गावाला मात्र तो खर्च शंभराचा शंभर भोगावा लागतो. कंपनी लीज संपल्यावर जाईल. आपण कुठे जाणार?

यात संगणकाचा दोष नाही. त्याला घालाल ती अट तो पाळतो. २०१४ साली न्यायालयाने गोव्यासाठी वर्षाला दोन कोटी टनांची तात्पुरती मर्यादा ठरवली, तीही एक अटच होती. मग गावाच्या अटी त्यात का नसाव्यात? गावच्या रस्त्यावरून दिवसाला अमुकच ट्रक. पावसाआधी डंपची बांधबंदिस्ती पूर्ण. विहिरींचे पाणी ठरावीक पातळीखाली जाता कामा नये. रिकाम्या भागाची भरणी खोदाईच्या बरोबरीनेच. यामुळे नफा थोडा घटेल, हे उघड आहे. किती घटेल, तेही तेच सॉफ्टवेअर सांगू शकते. तो आकडा समोर आला की 'परवडत नाही' ही सबब तपासता येईल.

तेव्हा जनसुनावणीला केवळ बाजूने किंवा विरोधात हात वर करून परतू नका. वर्षवार खोदाईचा नकाशा मराठीत व कोकणीत मागा. भरणीचे वर्ष कोणते आणि त्यासाठी पैसा कुठे ठेवला आहे, हे विचारा. आपल्या आमदारालाही हाच प्रश्न विचारा आणि उत्तर लेखी घ्या.